गुडघ्यावर थांबायचं नाही

अल सद्द, दोहा
शुक्रवार, ३० सप्टेंबर २००५

दादा,

'प्रिय' लिहिलं नाही, कारण तूही लिहिलं नाहीस. तुझ्या पत्राला वर तारीख आहे, खाली पूर्ण सही आहे आणि मध्ये चार मुद्दे, प्रत्येकाला आकडा. मुख्याध्यापकपदावरून तू निवृत्त झालास, पण तुझी नोटीस निवृत्त झाली नाही. पावणेतीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहितोस आणि सुरुवात काय, तर 'कळविण्यात येते की'. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. नोटीस बसून वाचायची सवय नाही.

मुद्दा पहिला: रिबेकाचं लग्न आठ जानेवारीला. हे वाचून मला काय झालं ते तुला सांगणार नाही. तिला फोन करून सांगितलं.

मुद्दा दुसरा: फोटो. आपल्या आळीचा ट्रेवर ऑगस्टमध्ये सुट्टीवर तिकडे आला आणि समुद्रातून बाहेर येणारी मी त्याने खिशातून काढून अख्ख्या आळीला दाखवली. हा माणूस इथे वेस्ट बेच्या बँकेत बसतो, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या मिस्साला गायनमंडळात पहिल्या रांगेत उभा राहतो आणि तिथून कुणाचे केस ओले आहेत ते बघतो. तू लिहितोस, मुलाकडच्यांनी विचारलं, या बाई कोण. सांगायचं होतंस, मुलीची आत्या. दादा, मी फोटो बघितलाय. मी काळ्या ट्रॅकपँटमध्ये, माझ्या फ्लॉइडच्या पूर्ण बाह्यांच्या काळ्या शर्टात, डोक्याला रुमाल बांधलेली आहे. भिजलेला कावळा बघून ज्याच्या मनात पाप येत असेल त्याने फादरांकडे जावं, माझ्याकडे नव्हे.

आणि 'शेजारचा दाढीवाला इसम' म्हणजे दिलावर. दाभोळचा आहे. इथल्या बंदरात टगबोटीवर वीस वर्षं काम करतोय. हिवाळ्यात दर शुक्रवारी पहाटेची नमाज झाली की आम्हा पंधरावीस जणांना अल वक्राच्या किनाऱ्यावरून सूर्य उगवेपर्यंत चालवत नेतो आणि मग समुद्रात घालतो. बाजूला पिवळ्या ओढणीत दिसते ती नफिसा, त्याची बायको. ट्रेवरने फोटो कापला नसता तर तीही आख्खी दिसली असती.

मुद्दा तिसरा: 'हे सर्व ताबडतोब बंद करावे.' करणार नाही.

मुद्दा चौथा. हा तू सगळ्यांत खाली, लहान अक्षरात लिहिलास. 'लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणण्याच्या कार्यक्रमात तुझा सहभाग नसावा. मिस्सास अवश्य यावे.'

आपल्या घरात लग्नाआधी बायका बँड लावून विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्याचे किंवा नवरीचे पाय धुतात. त्यातला पहिला हंडा आत्या उचलते. थोरल्या आत्याने तुझ्या लग्नात उचलला, माझ्या लग्नात उचलला. तुझ्या मुलाच्या लग्नात माझी पाळी होती. जानेवारी २००३. फ्लॉइडला जाऊन, मी विधवा होऊन अकरा महिने झाले होते. मांडवातून निघताना मी हंड्याला हात घातला तर जेनवहिनीने तो माझ्या हातातून काढून घेतला. "एस्थर, तू जरा मागं राहा." ओरडून नाही, हळूच. मला राग तिचा आला नाही. तू चार पावलांवर उभा होतास. तू बघितलंस आणि बँडवाल्यांकडे तोंड फिरवलंस, जसं काही ते ट्रंपेट तू आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतास.

मी सात जानेवारीला येणार. पहिला हंडा मी उचलणार. नाहीतर मिस्सालाही येणार नाही. माझे मुद्दे दोनच आहेत, आकडे तू घाल.

एस्थर


अल सद्द, दोहा
शुक्रवार, १८ नोव्हेंबर २००५

दादा,

या वेळी मुद्दे नाहीत, प्रश्न आहेत, ही प्रगती. 'वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी विधवा बाईने समुद्रात जावे असे त्या पाण्यात आहे तरी काय?' उत्तर आजच देते. आजच हंगामातली पहिली फेरी झाली. रमजानमध्ये दिलावर बंद ठेवतो. केस अजून ओले आहेत आणि मी तशीच मिस्साला जाऊन आलेय. ट्रेवरची वरच्या पट्टीतली ओळ चुकली.

वक्राच्या जुन्या बंदरावर, होड्या लावतात तिथे, आम्ही साडेचारला जमतो. माझ्या ऑफिसच्या रेकॉर्ड विभागातली केरळी रोझम्मा, दोन ड्रायव्हर, एक गुजराती फार्मासिस्ट, बाकी असेच. कुणाला साखर आहे, कुणाला दुःख आहे, फार्मासिस्टला दोन्ही. दिलावर काठी घेऊन पुढे. बोलायचं नाही, चालायचं. अंधारात वाळू पायाला थंड लागते. तुम्हा लोकांना वाटतं आखात म्हणजे तवा. डिसेंबर-जानेवारीत इथे उत्तरेकडून वारा सुटला की माझ्या दाढा वाजतात, तेही कवळी नसताना.

तासभर चालून परत होड्यांपाशी आलं की पूर्वेला उजाडतं. हे मला अजून नवल वाटतं. वसईत आपण लहानपणापासून बघितलं की समुद्र सूर्य गिळतो. इथे ओकतो. एवढा लाल, एवढा अचानक, की दरवेळी रोझम्मा क्रूस करते आणि नफिसा बिस्मिल्ला म्हणते आणि मी म्हणते, अरे देवा, आता पाण्यात जायचं.

पाण्याआधी चपला. हा दिलावरचा कायदा आहे. प्रत्येकाने कोरड्या वाळूत आपली चपलांची जोडी रांगेत ठेवायची, टाचा समुद्राकडे. बाहेर आलं की पहिलं काम, आपली जोडी घालायची. तो माणसं मोजत नाही. म्हणतो, "माणसा हलतात, बाय. चपला हलत नाहीत. जोडी उरली तर माणूस आत." हे तो बोटीवर शिकला असेल, कसं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग आत. वक्राला समुद्र उथळ आहे. कमरेएवढ्या पाण्यासाठी शंभरदीडशे पावलं चालावं लागतं आणि त्यातली गुडघ्याजवळची वीस सगळ्यांत वाईट. तिथे प्रत्येकाला घर आठवतं. तिथेच दिलावर मागून ओरडतो, "गुडघ्यावर थांबायचा नाय! थांबलात की परत गेलात!" एकदा खांद्यापर्यंत गेलं की दुसरा कायदा: बोलत राहायचं. सगळ्यांनी, एकदम, मोठ्याने, काहीही. कारण गारठलेला माणूस आधी गप्प होतो. जो गप्प होतो त्याला दिलावर दंडाला धरून बाहेर काढतो. त्यामुळे सकाळी सहाला पंधरा माणसं मानेपर्यंत पाण्यात आणि सगळी बडबडतायत. रोझम्मा तिच्या नणंदेबद्दल, मल्याळममध्ये. फार्मासिस्ट गोळ्यांची नावं पाठ म्हणतो. नफिसा सुरमईचा भाव. मी? मी तुझ्याबद्दल बोलते. दहा मिनिटं सहज जातात.

तुझ्या लक्षात येतंय का? फ्लॉइड गेल्यावर जो भेटला त्याने मला सांगितलं, गप्प राहा, शांत राहा, प्रार्थना कर, मागं राहा. 'बोलत राहा' म्हणणारा हा पहिला माणूस. आणि तोही शिस्तीचा भाग म्हणून, दयेने नव्हे.

पोहायला मी इथेच शिकले. एक्कावन्नाव्या वर्षी, दोन हिवाळे लागले. पहिल्या दिवशी तर चपला गाडीतच विसरले होते. दिलावर म्हणाला, जोडी नाही तर पाणी नाही. मग स्वतःची जोडी माझ्या नावाने रांगेत ठेवली आणि स्वतःच्या जागी काठी रोवली. सगळे हसले. असो.

तू लिहिलंस, 'विधवेचा हात पाण्याला लागू नये ही आपल्या घराची रीत आहे, चर्चची नाही, हे मान्य. पण रीत ती रीत.' मान्य केलंस हेच पुष्कळ. मग पुढचंही सांग. इतकी वर्षं घरातलं पिण्याचं पाणी कोण भरायचं? आजी. आजोबा गेल्यानंतर तेवीस वर्षं, रोज, सकाळी, त्याच विहिरीवरून. ते पाणी पिऊन तू मुख्याध्यापक झालास. बँड नसला की विधवेचा हात चालतो, बँड वाजला की चालत नाही. म्हणजे हरकत देवाची नाही, बँडवाल्यांची आहे.

एस्थर


अल सद्द, दोहा
शनिवार, १० डिसेंबर २००५

दादा,

ट्रेवरचा फोन तुला येईल किंवा येऊन गेला असेल. त्याने काहीही सांगितलं तरी त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून उरलेलं मी लिहिते.

काल तो आमच्याबरोबर आला. आपणहून. म्हणाला, "एस्थरबाई, मीही म्हटलं बघावं काय असतं." नवा कॅमेरा गळ्यात. तुला ताजे फोटो पाठवायचे होते हे मला कळलं, पण किनारा काही माझा नाही. चालला बिचारा. गायनमंडळाचा आवाज बंद ठेवून तासभर चालणं म्हणजे त्याला चाळीस दिवसांचा उपवास. दिलावरने सांगितलं तशा चपला काढून रांगेत ठेवल्या. चांगल्या तपकिरी चामड्याच्या, नऊ नंबर. दिलावर त्याला म्हणाला, "भाऊ, नुसता फोटो काढायचा असेल तर चपला पायात ठेवा." हा म्हणाला, "नाही नाही, येतो ना."

वारा होता. सूर्य आला तो मळकट. आम्ही आत गेलो, बडबडलो, बाहेर आलो. ज्याने त्याने आपापली जोडी घातली. एक जोडी उरली. तपकिरी.

दिलावरने एकदा मागे बघितलं, एकदा पाण्याकडे, आणि धावत आत गेला. त्याच्यामागे एक ड्रायव्हर आणि मी. नफिसा ओरडली, "बाय, तुम्ही नको!" मी ऐकलं नाही. दादा, तो ट्रेवर. तुला फोटो दाखवणारा. पाण्यात जाताना त्याबद्दल मी काहीच विचार केला नाही, यात मोठेपणा नाही, वेळ नव्हता. दुसऱ्यांदा आत जाणं पहिल्यापेक्षा वाईट असतं, कारण अंगात ऊब उरलेली नसते. आम्ही तिघं हातभर अंतर ठेवून पायांनी तळ चाचपत फिरलो. पंचवीस मिनिटं. तळाच्या गवताच्या प्रत्येक जुडग्याला माझा पाय लागला की मला वाटायचं केस. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होते, 'ट्रेवर, मेल्या, कुठे आहेस'. आणि मग दात इतके वाजायला लागले की शब्द फुटेना. दिलावरने बघितलं मी गप्प झालेय. मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि परत आत गेला.

मी वाळूत बसलेय, नफिसाने चार टॉवेल गुंडाळलेत, आणि रस्त्याकडून एक माणूस येतोय. पायात मोजे, बूट. हातात करकचा, इथल्या कडक दुधाळ चहाचा, कागदी पेला.

"काय झालं?" म्हणाला. "सगळे एवढे गंभीर का?"

साहेब पाण्याला घोटे लावून परत फिरले होते. गाडीत बूट होते, मग वाळू भरलेल्या चपला कशाला घालायच्या, त्या राहू दे तिथेच, परत जाताना उचलू. गाडीत हीटर लावला, वक्रा गावात जाऊन चहा घेतला. दिलावर पाण्यातून आला. ओठ निळे. मला वाटलं आता मारतो. तो रांगेपाशी गेला, ती जोडी उचलली, झटकली, ट्रेवरच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "घाला. मग मी माझी घालतो."

ट्रेवरने बुटांवरून घालायचा प्रयत्न केला. हसू आलं असतं, पण कुणी हसलं नाही.

मी मात्र बोलले. काय बोलले ते तो सांगेलच. त्यातलं एक वाक्य तुला मीच सांगते, कारण ते बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "चप्पल मागे ठेवून जाणं म्हणजे काय आणि न ठेवता जाणं म्हणजे काय, ते मला विचार."

गेल्या पत्रात मी लिहिलं, पहिल्या दिवशी चपला गाडीत विसरले. विसरले नव्हते. येताना गाडीत नफिसाने रांगेचं सगळं समजावलं होतं. मी त्या सीटखाली ठेवल्या. जोडी नसली तर जोडी उरणार नाही, एवढं गणित होतं. परत यायचंच नाही असं ठरवलं होतं असंही नाही, दादा. पण यायचंच आहे असंही ठरवलं नव्हतं. वर्षभर काळे कपडे घातले, सांगितलं तशी गप्प राहिले, मागं राहिले. मागं राहता राहता माणूस किती मागं जातो ते तुला मोजायचं असेल तर त्या सीटपासून पाण्यापर्यंत मोज.

दिलावरला पायांवरून कळलं. स्वतःची जोडी ठेवली ते मी लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. पाण्यात मी गप्प होते. तो सरकत सरकत शेजारी आला.

"बाय, गाव कुठला?"

"वसई."

"वसईला ती सुकेळी करतात ना. खराब झालेल्या केळ्यांची."

मी म्हणाले, "काय?"

"नाय, म्हणजे विकून उरलेली, काळी पडलेली. वाळवून खपवतात. ऐकलाय मी."

दादा, आपल्या आईने साठ पावसाळे-उन्हाळे राजेळी केळ्यांचा एकेक घड निवडून, सोलून, मांडवावर वाळवून, पानात बांधून जी सुकेळी केली, त्यांना हा माणूस खराब केळी म्हणतो! मी त्याला तिथेच, मानेपर्यंत पाण्यात, जात कुठली, घड कधी उतरवायचा, किती उन्हं द्यायची, रात्री झाकायचं कसं, सगळं शिकवलं. ओरडून. बाहेर आल्यावरही शिकवत होते. त्याच्या चपला पायात घालून. वर्षभराने नफिसाने सांगितलं की त्याची आजी दाभोळला सुकेळी मागवून खायची. त्याला सगळं माहीत होतं.

तेव्हा मी जिवंत आहे ती सुकेळ्यांच्या अपमानामुळे. प्रार्थनेमुळे असते तर तुला जास्त बरं वाटलं असतं, माहितेय.

हे जेनवहिनीला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्या शुक्रवारी मी न बोलता पाण्यात उभी राहिले असते तर तुझ्याकडे वाईट चालीचा फोटो आला नसता, तार आली असती. आणि मग तू रडला असतास, फुलं घातली असतीस, आणि कुणी विचारलं असतं, या बाई कोण, तर न लाजता सांगितलं असतंस, माझी बहीण.

ट्रेवर आज सकाळी माझ्या दाराशी आला होता. म्हणाला, फोटो परत मागवतो सगळ्यांकडून. मी म्हटलं, मागवू नको. एक मोठा करून मला दे. फक्त या वेळी नफिसाला कापू नकोस.

एस्थर


अल सद्द, दोहा
शुक्रवार, २३ डिसेंबर २००५

प्रिय दादा,

तू लिहिलंस म्हणून लिहिते. 'प्रिय एस्थर' एवढं लिहून तू खाली अर्धं पान कोरं सोडलंस. तुझ्या आयुष्यात तू कोरं सोडलेलं हे पहिलं पान असेल. मी ते जपून ठेवलंय. वर्गातल्या पोराने उत्तर लिहिलं नाही तर तू शून्य द्यायचास. मी देत नाही.

पण मग कोऱ्याच्या खाली तू पुन्हा तडजोड घातलीस. 'तुझ्या भावना लक्षात घेता, तू सर्वांत शेवटी, बँड पुढे निघून गेल्यावर, एक लहान कळशी आणावीस. कोणाच्या लक्षात येणार नाही आणि तुझंही मन राहील.'

दादा, हे गुडघ्यावर थांबणं झालं. तिथेच सगळ्यांत जास्त थंडी वाजते.

मन राखायला मी येत नाही. कोणाच्या लक्षात यावं म्हणूनच येतेय. तुला वाटतं मी हट्ट करते. करते. पण हा हट्ट माझ्या एकटीचा राहिला नाही. मंगळवारी रिबेकाचा फोन आला. आवाज बारीक.

"आत्या, तू पाणी आणणार ना?"

म्हटलं, तुझा बाप कळशी देतोय.

"कळशी नको. पहिला हंडा तुझा. नाहीतर मी पायच धुवून घेणार नाही. पप्पांना सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"बाहेर जाऊन फुलझाडांना पाणी घातलं."

तेव्हा मला हसू आलं आणि थोडं रडूही. तिला सांगितलं, पाय धुवायचे की नाही ते तू बघ, माझ्यासाठी नको. माझं मी बघते. ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाहीये, आत्या. उद्या माझ्यावर वेळ आली तर मी कुठे उभी राहायचं?" लग्नाआधी तीन आठवडे मुलगी हे बोलते. तू कानाला हात लावशील. मला वाटतं आपल्या घरातलं हे पहिलं शहाणं वाक्य.

मुलाकडचे काय म्हणतील हे पुन्हा लिहू नकोस. पाणी आपलं, विहीर आपली, आळी आपली. त्यांना बातमी पोचेल तेव्हा नवरीचे पाय धुऊन, पुसून, चपलेत गेलेले असतील.

मी सात तारखेला दुपारी पोचते. आणायला येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे. आलास तर नको म्हणणार नाही. आज पाणी फार गार होतं आणि मी अर्धा तास पोहले. दिलावरने विचारलं, बाय, आज बोलत नाही तुम्ही? म्हटलं, पोहताना बोलता येत नाही. तो हसला. म्हणाला, खलास, आता तुम्हाला माझी गरज नाय. पुढच्या महिन्यापासून बायकांची रांग तुम्ही बघा.

नाताळ सुखाचा जावो. जेनवहिनीला सांग, मला तिचा राग नाही. हे तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

एस्थर


वसई
रविवार, ८ जानेवारी २००६, सकाळी

प्रिय दादा,

तू ओटीवर दाढी करतोयस आणि मी आतल्या खोलीत बसून तुला पत्र लिहितेय. वेडेपणा आहे. पण समोर बोललं की तू दुसरीकडे बघतोस. कागदावर बोललेलं तू ओळ न ओळ वाचतोस, लाल शाई हातात धरून.

काल संध्याकाळी तू मांडवात चारदा विचारलंस, "पाण्याला एवढा उशीर का झाला?" आणि दर वेळी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगते.

बँड पुढे, आम्ही मागे, हंडा माझ्या हातात. आळीतून जाताना मला सगळे दरवाजे दिसत होते. तुम्ही पुरुष मांडवात बसता म्हणून तुम्हाला कधी दिसत नाहीत. पाणी निघालं की दारादारात एकेक बाई उभी असते. अर्धं दार लोटून. बघते, हसते, पुढे येत नाही. पूर्वी मी नवऱ्याबरोबर असताना मलाही दिसल्या नव्हत्या.

विहिरीवर पोचलो. बँड थांबला. मी हंडा काठावर ठेवला आणि जेनवहिनी पुढे आली. मी हंडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, खोटं कशाला सांगू. तिने काय केलं, तर पदर खोचला आणि दोर हातात घेतला.

"मी ओढते, तू ओतून घे," म्हणाली. "आणि हात चालव. उशीर झाला तर तुझा भाऊ नोटीस काढेल."

तीन वर्षांनी ती माझ्याशी हे बोलली. मी पोहरा धरला. पहिला हंडा भरला, माझा. बँडवाल्यांनी मोठं वाजवलं. मी तो डोक्यावर घेणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गो. मी पण एक भरते."

वळणावरची फिलोमावशी. ऐंशीच्या पुढची. कमरेत वाकलेली, हातात स्वतःच्या घरचा पितळी हंडा, घासलेलासुद्धा नाही. तिचा नवरा गेला तेव्हा तू शाळेत जात नव्हतास. मी कुणाला बोलावलं नव्हतं, दादा, हे शपथेवर सांगते. तिच्यामागून चक्कीवाल्यांची सून आली, तिचा गेल्या वर्षी गेला. मग शेजारच्या चौघी. मग कुणीतरी धावत घरी जाऊन आपल्या आईला घेऊन आली. मला धरून आठ झाल्या. आठ हंडे, एक दोर आणि ओढणारी एकटी जेनवहिनी. मध्ये मी दोर मागितला तर दिला नाही. तिचे तळहात बघ आज, सोललेत.

बँडवाल्यांना चारच गाणी येतात. ती तीनदा वाजवून झाली. मग बँडमास्तर म्हणाला, "बाई, आता काय वाजवू?" फिलोमावशी म्हणाली, "पहिलंच परत वाजव. माझ्या वेळी मी ऐकलं नव्हतं."

म्हणून उशीर झाला.

तू मांडवात होतास. आम्ही आत आलो तेव्हा तू पुढे आलास आणि माझ्याच हंड्याला हात घातलास. उतरवून घ्यायला. माझ्याकडे बघून. बँडकडे पाठ होती तुझी. मांडवात सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मी बघितलं.

आता काम. मागच्या पडवीत सात हंडे उपडे घातलेत. त्यांच्या घरच्यांचे आहेत, लग्नाआधी परत जायला हवेत, रिकामे नकोत, प्रत्येकात थोडी मिठाई घाल. मिस्सा दहाला आहे. बायका केस करतायत, कुणालाही वेळ नाही. तीन मी घेते. चार तू घे. दाराशी ठेवून पळून येऊ नकोस. उभा राहा, हाक मार. आणि अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नको. प्रत्येकीला नाव आहे. येत नसेल तर आधी मला विचार.

एस्थर